धुराचा हिशेब, घराच्या टेबलावर

हवामानबदल आणि पर्यावरणाच्या क्षेत्रात घरबसल्या काम मिळते का? मिळते. पण बहुतेकांच्या मनात असते तसे ते नसते.

"ताई, पर्यावरणात घरबसल्या काही काम मिळेल का गं?"

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी रायपूरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तेव्हा खरे सांगायचे तर मला हसूच आले. पर्यावरण म्हणजे जंगल, नदी, डोंगर. ते घरात बसून कसे करणार? पण तिचा आवाज थट्टेचा नव्हता. ती बी.कॉम. झालेली. नाशिकच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात तिने आठ वर्षे काम केले होते. नवऱ्याची नोकरी बदलीची. नाशिकहून वडोदरा आणि वडोदऱ्याहून रायपूर. प्रत्येक बदलीत त्यांना बढती मिळाली आणि हिची नोकरी गेली. मुलगी सहावीत, घरी सासूबाई आणि वय एकोणचाळीस. "आता नव्या गावात नव्याने ओळखी काढून नोकरी शोधायची हिंमत नाही. आणि पुढची बदली झाली की पुन्हा तेच. बदलीबरोबर सोबत नेता येईल असे काही तरी हवे," ती म्हणाली.

तिने कुठे तरी वाचले होते, की पुढच्या काळातल्या नोकऱ्या हवामानबदलाच्या क्षेत्रात आहेत. मी पत्रकार, माहिती काढणे हा माझा धंदा. म्हणून तिच्यासाठी मी चौकशी सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आले, की या क्षेत्रात घरबसल्या होणारे सर्वांत जास्त काम झाडांचे नाही, बिलांचे आहे.

बिले कशासाठी?

भारतातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून एक वेगळा अहवाल देणे सक्तीचे झाले. सेबीने २०२१ मध्ये तसा आदेश काढला होता. बीआरएसआर या नावाने तो ओळखला जातो. नफा-तोटा तर कंपन्या पूर्वीपासून सांगत होत्याच. आता वीज किती वापरली, डिझेल आणि कोळसा किती जाळला, पाणी किती उपसले, कचरा किती निघाला आणि त्याचे काय केले, हेही सांगावे लागते. मोठी कंपनी हे सांगायला बसते तेव्हा तिला आपल्या छोट्या पुरवठादारांनाही विचारावे लागते. पुरवठादार म्हणतो, "साहेब, आमच्याकडे दोन कारकून. हा हिशेब कोण करणार?"

दुसरा रेटा परदेशातून आला. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालाबरोबर तो बनवताना किती कार्बन हवेत गेला, याचा तपशील मागायला सुरुवात केली. १ जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे आकारण्याचा टप्पा सुरू झाला आहे. या यादीत लोखंडी नट-बोल्टसुद्धा आहेत. म्हणजे लुधियानाच्या ज्या कारखानदाराने हवामानबदल हा शब्द फक्त बातम्यांत ऐकला होता, त्यालाही जर्मनीतले गिऱ्हाईक विचारते, की तुमच्या एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड? आपल्या सरकारनेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यवहार योजना अधिसूचित केली.

एवढा सगळा हिशेब करायला माणसे लागतात. आणि बिल रायपूरचे असले तरी ते वडोदऱ्याच्या टेबलावर बसून तपासता येते.

हिशेब कसा करतात?

मूळ गणित पाचवीतल्या मुलाला येईल इतके सोपे आहे. जे वापरले, त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचे. त्या आकड्याला उत्सर्जन गुणक म्हणतात. आपल्या देशातल्या विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करते. गेल्या काही वर्षांत तो एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. एक लिटर डिझेल जळले, की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलचा आकडा २.३ किलो. स्वयंपाकाच्या गॅसचा किलोमागे सुमारे ३ किलो.

मी बहिणीला म्हटले, आधी स्वतःच्या घराचा हिशेब कर. महिन्याची वीज १८० युनिट, म्हणजे १२६ किलो. १४.२ किलोचा एक सिलिंडर, ४२ किलो. स्कूटर आणि गाडी मिळून २० लिटर पेट्रोल, ४६ किलो. बेरीज २०० किलोंच्या वर गेली. सासूबाई कानोसा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाई, एवढा धूर आपल्या घरातून? दिसत तर नाही कुठे."

दिसत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. जगभरात या मोजणीसाठी जीएचजी प्रोटोकॉल ही पद्धत चालते. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये निघाली. तिच्यात उत्सर्जनाचे तीन कप्पे केलेले आहेत. कारखान्याने स्वतः जाळलेले इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात आणि बाकी सगळे तिसऱ्यात: कच्चा माल, मालवाहतूक, नोकरांचे येणे-जाणे, विकलेल्या वस्तूचा पुढचा वापर. पहिले दोन कप्पे चार-पाच बिलांत भरतात. तिसऱ्यासाठी खरेदीच्या शेकडो, कधी हजारो पावत्या चाळाव्या लागतात. घरून काम करणाऱ्यांची गरज सर्वांत जास्त भासते ती इथे.

गणित सोपे असले तरी चुका भयंकर होतात, आणि त्या पकडायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही, हिशेबनिसाची नजर लागते. एक उदाहरण देते. कारखान्यांच्या मोठ्या वीजजोडणीच्या बिलावर दोन आकडे असतात, एक केव्हीएएच आणि दुसरा केडब्ल्यूएच. आपण ज्याला युनिट म्हणतो ते दुसरे. कार्बनच्या हिशेबात तेच धरायचे. पण अनेक राज्यांत अशा ग्राहकांना पैसे पहिल्या आकड्यावर लागतात, त्यामुळे नवखा माणूस नेमका तोच उचलतो. माझ्या बहिणीने आयुष्यभर अशी बिले पाहिलेली. तिला हे शिकवावे लागले नाही. गॅसच्या नोंदीत सिलिंडरची संख्या लिहिली आहे की किलो, घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा आणि व्यावसायिक १९ किलोचा, हेही तिला ठाऊक होते. ज्या अनुभवाला ती जुनाट समजत होती, तोच तिचे भांडवल ठरला.

नकाशे आणि भाषा

हिशेबाची आवड नसेल तर काय? नकाशांचे काम हा दुसरा मार्ग. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. त्यांत जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा एका ठिपक्याएवढा दिसतो. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअरही मोफत आहे. तलावांच्या हद्दी आखणे, पाच वर्षांत हिरवळ किती घटली ते काढणे, नव्या सौर प्रकल्पाच्या जागेजवळ वस्ती, ओढा, जंगल काय आहे ते दाखवणे अशी कामे घरून होतात. शिकण्यासाठी डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे इस्रोचीच संस्था, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. ज्यांनी भूगोल घेऊन पदवी केली आणि "भूगोलाला काय स्कोप?" हे टोमणे ऐकले, त्यांनी इकडे जरूर पाहावे.

मात्र वरून दिसते ते सगळे खरे नसते. तलावावर जलपर्णी पसरली, की उपग्रहाच्या चित्रात तो चक्क हिरव्या माळासारखा दिसतो. बंगळुरूच्या बेलंदूर तलावावर असे जलपर्णीचे गालिचे अनेकांनी पाहिले आहेत. घरी बसून हद्द आखणाऱ्याने त्या गावच्या कोणाला तरी फोन करून विचारलेच पाहिजे.

तिसरा मार्ग भाषेचा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनी हा परिच्छेद नीट वाचावा. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार ज्या मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. यातली बरीच भाषांतरे इतकी वाईट असतात, की ती वाचून गावकऱ्याला आपल्या विहिरीचे काय होणार हे कळत नाही. तुम्ही बेळगावात वाढला असाल तर तुम्हाला मराठी आणि कन्नड येते, वडोदऱ्यात असाल तर मराठी आणि गुजराती. त्यात थोडी तांत्रिक शब्दांची मेहनत घातली, तर हे काम फार मोलाचे आहे. एका चुकीच्या शब्दाने लोक सुनावणीत गप्प बसू शकतात.

जे घरून होत नाही

इथे थोडे स्पष्ट बोलणे बरे. कारखान्याच्या धुराड्याची तपासणी, नदीच्या पाण्याचे नमुने, झाडांची गणना, कारखान्याचे ऊर्जा लेखापरीक्षण यांसाठी जागेवर जावेच लागते. ऊर्जा लेखापरीक्षक होण्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा असते. ती अभियांत्रिकीसारखे शिक्षण आणि अनुभव असलेल्यांसाठी आहे. आणि अगदी नवशिक्याला पहिल्याच दिवशी पूर्णपणे घरून काम, महिन्याला पक्का पगार, असे क्वचितच मिळते. सुरुवात बहुधा कंत्राटाने होते. मार्च संपला, वर्षाचे अहवाल लिहायचे दिवस आले, की कामाचा पूर येतो. दिवाळीच्या सुमारास हात रिकामे असतात. घरखर्च पूर्णपणे याच्यावर टाकायच्या आधी हे लक्षात ठेवा.

काम शोधायचे कुठे?

जाहिरातीत पर्यावरण हा शब्द शोधत बसाल तर निम्मी कामे हातची जातील. तिथे शब्द असतात सस्टेनेबिलिटी, ईएसजी, कार्बन अकाउंटिंग, जीआयएस. आधी ही परिभाषा शिकून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन सीसी लर्न या उपक्रमाचे हवामानबदलावरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, आपल्या सरकारच्या स्वयम् वरही पर्यावरणाचे अभ्यासक्रम असतात. "आमचे प्रमाणपत्र घ्या, नोकरी हमखास" असे सांगून पन्नास-साठ हजार मागणाऱ्यांकडे मी तरी जाणार नाही. निदान मोफत शिकून हे काम आपल्याला झेपते की नाही, हे कळेपर्यंत तरी नाही.

आता एक युक्ती, जी मला चौकशी करताना सापडली आणि आजवर कोणत्याही जाहिरातीत दिसली नाही. वर सांगितलेले बीआरएसआर अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर सर्वांसाठी खुले असतात. त्यात एक रकाना असतो: बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घेतली आहे का, असल्यास संस्थेचे नाव काय? दहा-वीस कंपन्यांचे अहवाल चाळले, की हे काम कोणत्या सल्लागार संस्था करतात, त्यांची यादी आपोआप तयार होते. शिवाय अहवाल कसा लिहितात, तेही समजते. बहिणीने अशी यादी केली. त्यातल्या लहान संस्था निवडल्या, कारण मोठ्यांकडे अर्जांचा ढीग पडलेला असतो.

अर्जात मोठमोठी वाक्ये लिहू नयेत. "मला निसर्गाची अत्यंत आवड आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. बहिणीने तिच्या अर्जात चारच ओळी लिहिल्या आणि सोबत एक काम जोडले. ते काम म्हणजे तिच्या सोसायटीचा वर्षभराचा कार्बनचा हिशेब. सचिवांची परवानगी घेऊन तिने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांची बारा महिन्यांची बिले आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या मिळवल्या. दोन महिन्यांच्या पावत्या सापडेनात. तिथे तिने आकडा रेटून भरला नाही. इतर महिन्यांच्या सरासरीने अंदाज केला आणि शेजारी तसे लिहिले. गच्चीवरच्या सौर पट्ट्यांची वीज वेगळी दाखवली, कारण तिला तो ०.७ चा गुणक लागत नाही. एकूण सहा पाने झाली. बावीस ठिकाणी पाठवली. एकोणीस ठिकाणांहून काहीच आले नाही. दोघांनी नाही म्हटले. एकाने विचारले, "हे अंदाजाचे टिपण तुम्हाला कोणी लिहायला सांगितले?" कोणीच नाही, ती म्हणाली. तिथे तिला पहिले काम मिळाले, सहा आठवड्यांचे.

फसवणूक आणि त्याहून अवघड गोष्ट

घरबसल्या काम म्हटले की ठग आलेच. नोंदणी शुल्क, लॅपटॉपसाठी अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, यांपैकी काहीही काम देण्याआधी मागितले, तर संभाषण तिथेच थांबवा. कार्बन क्रेडिटमध्ये पैसे गुंतवा आणि घरबसल्या कमवा, असे सांगणाराही नोकरी देत नसतो, तुमचे पैसे घेत असतो. फसलातच तर लाजून गप्प बसू नका. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. चाचणी म्हणून दोन तासांचे काम करून देणे ठीक. पण चाचणीच्या नावाखाली अख्खा अहवाल लिहून मागत असतील तर नम्रपणे नकार द्यावा.

पैशांची बोलणी लेखी करावीत. काम किती, कधी द्यायचे, किती वेळा दुरुस्ती, पैसे किती दिवसांत. आपण घरच्या माणसासारखे "नंतर बघू" म्हणतो आणि नंतर तीन महिने पैशांची वाट पाहतो. ही मिळकत आयकर विवरणात दाखवावी लागते, हेही ध्यानात असू द्या. परदेशी संस्थेसाठी काम करत असाल तर वेळेचाही विचार हवा. लंडनमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. नेमकी मुलांची शाळेतून येण्याची वेळ.

याहून अवघड प्रसंग माझ्या बहिणीवर दुसऱ्या कामात आला. एका उद्योगाच्या सात शाखांचा हिशेब होता. दोन शाखांची बिले काही केल्या येईनात आणि अहवालाची तारीख जवळ आली. काम देणाऱ्याने फोनवर सांगितले, "गेल्या वर्षीचे आकडे घ्या, पाच टक्के कमी करा. प्रगती दिसली पाहिजे." घरात बसलेल्या बाईने हे करून टाकले असते तर कोणाला कळणार होते? रात्री तिने मला फोन केला. मी सल्ला दिला नाही, कारण पैशांची गरज तिला होती, मला नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने लिहून कळवले, की गेल्या वर्षीचे आकडे जसेच्या तसे धरते आणि 'बिले न मिळाल्याने अंदाज' असे स्पष्ट लिहिते. पाच टक्के कमी करू शकत नाही. ते काम तिचे गेले. निम्मे पैसे मिळाले, निम्मे अजून मिळायचे आहेत.

घरात ती चार दिवस कोणाशी फारशी बोलली नाही. तिचे यजमान सरळ माणूस, पण तेही म्हणाले, "पाच टक्क्यांनी काय झाले असते?" त्यावर सासूबाईच म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात रोकड पाच रुपयांनी कमी भरली तर चालते का रे?"

घरातले ऑफिस

सासूबाईंचे हे मत पहिल्या दिवसापासून नव्हते. सुरुवातीला "घरीच तर आहे" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू यायचे. कुरियर, दूधवाला, शेजारीण, गॅसवाला, सगळ्यांसाठी दार उघडायचे हिनेच. शेवटी तिने दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊ ते साडेदहा अशा वेळा ठरवल्या आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कायमचा आपला केला. दारावरची घंटा वाजली तर त्या वेळात सासूबाई उठतात. तेवढ्यासाठी त्यांनी आपली वामकुक्षी अलीकडे घेतली आहे. इनव्हर्टर पहिल्या कामाच्या पैशांतून आला. कंपन्यांची बिले तिच्याकडे विश्वासाने येतात, म्हणून तिचा लॅपटॉप मुलीला खेळायला मिळत नाही, यावर अजून अधूनमधून भांडण होते.

सध्या तिच्याकडे दोन संस्थांचे काम आहे, एक पुण्याची आणि एक चेन्नईची. मागच्या महिन्यात एका कारखान्याची माहिती भरताना बॉयलरच्या इंधनात कोळसा लिहिलेला होता, पण कोळशाची पावती वर्षभरात एकही नव्हती. कागदावर ते तसेच खपून गेले असते. तिने कारखान्यात फोन लावला, तिथून तिला बॉयलरवरच्या माणसाकडे देण्यात आले. तो म्हणाला, "दीदी, कोयला तो कब का बंद हो गया. अब धान की भूसी जलाते हैं." भाताच्या भुशाचा कार्बन वेगळ्या रकान्यात दाखवतात, कोळशात मिसळत नाहीत. सगळा तक्ता तिला नव्याने करावा लागला आणि रात्रीचा एक वाजला.

परवा तिच्या यजमानांच्या पुढच्या बदलीची कुणकुण लागली आहे, बहुधा भुवनेश्वरला. मी विचारले, "मग आता?" ती म्हणाली, "आता काय, तिथे टेबल ठेवायला खिडकीजवळ जागा आहे का तेवढे बघायचे."